एच चौदा यांस

४ फेब्रुवारी

माननीय प्रेक्षक महोदय,

गेल्या रविवारच्या दुपारच्या प्रयोगासंबंधी आपण केलेली लेखी तक्रार नाट्यगृहाच्या कार्यालयास मिळाली. आपणांस झालेल्या मनस्तापाबद्दल कार्यालय दिलगीर आहे.

आपल्या तक्रारीचे मुद्दे पुढीलप्रमाणे असल्याचे आम्ही समजतो. मुख्य दाराच्या डोअरकीपरने आपणांस खुर्चीचा नंबर तीन वेळा मोठ्याने म्हणायला लावला. त्यानंतर आपल्या चेहऱ्यावर बॅटरीचा झोत मारला. आणि आपण आणखी काही बोलण्याआधीच तो पाठ फिरवून निघून गेला, त्यामुळे आपणांस अंधारात चाचपडत खुर्ची शोधावी लागली. आपण तिसऱ्या घंटेनंतर पोचलात हे आपण स्वतःच प्रांजळपणे नमूद केले आहे, त्याबद्दल आभार.

नव्या नियमानुसार अशी प्रत्येक तक्रार व्यवस्थापकांपुढे ठेवली जाते. तक्रार खरी ठरल्यास संबंधित डोअरकीपरला दारावरून काढले जाते. तत्पूर्वी त्याने तक्रारदाराची लेखी माफी मागणे बंधनकारक आहे. सुनावणी महिनाअखेरीस होईल. तक्रार मागे घ्यावयाची असल्यास तोवर कळवावे.

प्रेक्षक हे आमचे पाहुणे आहेत.

आपली नम्र,
तिकीट व पत्रव्यवहार विभाग

ता. क. वरचं सगळं साहेबांनी वाचून पास केलंय, त्यामुळे त्यात मला माझं काही घालता आलं नाही. हे पाकीट चिकटवायच्या आधी पेनाने खरडतेय. दादा, तुझं अक्षर मला ओळखू येणार नाही असं तुला वाटलं की काय? स्वतःचं नाव, पत्ता, सही, सगळं ठसठशीत घातलंस. समोरच्याचं मात्र नुसतं 'एक वयस्कर डोअरकीपर'. बाबा आहेत ते आपले. आडनाव एकच आहे हे साहेबांच्या ध्यानात आलेलं नाही, कारण ते डोअरकीपरांना नावांनी ओळखत नाहीत, दारांनी ओळखतात. बाबा म्हणजे 'मुख्य दार'. तक्रार मागे घे.


१३ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर पोचलं. एवढ्या मोठ्या कोऱ्या कागदावर एकच ओळ : 'तक्रार मागे घेणार नाही.' कागद फुकट घालवायची तुझी खोड शाळेपासूनची आहे. खाली जागा होती, 'तू कशी आहेस' एवढं सहज मावलं असतं. मी बरी आहे.

आता हे पत्र ऑफिसचं नाही, तेव्हा सरळ बोलते. तुझा राग रविवारचा नाही. तुझा राग त्या जुन्या शनिवारचा आहे. तू तुझ्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांना घेऊन नाटकाला आलास, दोन्ही घरांची गाठभेट व्हावी म्हणून. पुढच्या रांगेतल्या चार खुर्च्या मीच राखून ठेवल्या होत्या. वाटेत तुझ्या सासूबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तुम्ही पोचलात तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती. दारात बाबा. 'मध्यंतराला आत या,' म्हणाले, आणि दार लावून घेतलं. तुझे सासरे तासभर व्हरांड्यात ताटकळले, वहिनी रडवेली झाली, आणि तू आमच्या तिकीट खिडकीवर येऊन मला म्हणालास, 'यांना सांग, घरची माणसं आहेत.' मी सांगायला गेले. बाबा म्हणाले, 'आत नाटक चालू आहे.' एवढंच. आई असती तर कदाचित काही करू शकली असती. मला जमलं नाही.

लग्न झालं, बाबा येऊन मागच्या ओळीत बसून गेले, आणि तू लांबच्या गावी बदली मागून घेतलीस. तेव्हापासून तुम्हा दोघांत शब्द नाही. मधल्या मधे मी. तुझी खुशाली त्यांना सांगायची तर ते पेपरात तोंड घालतात. त्यांची तुला कळवायची तर तू पुढच्या पत्रात हवापाण्याचं लिहितोस. तुमच्या या भांडणात टपाल खात्याखेरीज कुणाचंही भलं झालेलं नाही.

इकडचं सांगते. नवे साहेब आल्यापासून नाट्यगृहात सौजन्याची साथ आलीय. प्रवेशद्वाराशी मोठा बोर्ड लागला, 'प्रेक्षक हे आमचे पाहुणे आहेत'. डोअरकीपरांना रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं करून हसायचं कसं, वाकायचं किती, हे शिकवलं. बाबांनी 'आपलं स्वागत आहे' हे अशा काही करड्या सुरात म्हटलं की साहेबांनी स्वतःचा मोबाइल काढून बंद केला. बाल्कनीच्या दारावरची बाई तुला आठवत असेल. आम्ही तिला 'बाल्कनी'च म्हणतो. उशिरा आलेल्याला ती अजूनही विचारते, 'घरी घड्याळ नाही का?' पण तिच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. लोक तिला घाबरतात. तक्रार होते ती बाबांची, कारण ते कुणाला टाकून बोलत नाहीत. नुसते कोरडे असतात. पाहुण्यांना ते जास्त झोंबतं.

दारावरून काढलं तर ते घरी बसून काय करतील, हा प्रश्न तुला पडणार नाही, कारण तू त्यांना घरी बघत नाहीस. प्रयोग दुपारी चारचा असला तरी सकाळचा चहा झाला की इस्त्रीचा शर्ट अंगावर. दर थोड्या वेळाने बॅटरी लावून बघतात. त्या दाराशिवाय त्यांना दुसरा मित्र नाही. मला याची धास्ती वाटते, हे मी तुझ्यापासून कशाला लपवू.

बाकी त्यांची तब्येत ठीक आहे. वयाप्रमाणे जे व्हायचं ते होतंच.

दोन गोष्टी मात्र मला उमगल्या नाहीत. एक, तिसऱ्या घंटेनंतर बाबांनी तुला आत सोडलं कसं? बाल्कनीच सांगत होती, 'पडदा वर गेला तरी तुझ्या बापाचं दार उघडंच! मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली.' दुसरी गोष्ट, तू तिकिटं दोन काढली होतीस. एच चौदा आणि एच पंधरा. तीही घरबसल्या कॉम्प्युटरवरून, म्हणजे खिडकीवर माझी गाठ पडायला नको. वहिनी बरोबर नव्हती, पंधरा नंबर शेवटपर्यंत रिकामा होता. आणि नाटक तर तुला मुळात आवडत नाही. मग दुसरं तिकीट कुणासाठी?

उत्तर दे. या खेपेला कागद भरून.

तुझी,
धाकटी


२१ फेब्रुवारी

दादा,

कागद भरलास, पाठपोट. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

'दुसरं तिकीट कुणासाठी ते विचारू नकोस' असं लिहिलंयस. नाही विचारत. दार लागलं की डोअरकीपर मोकळा असतो, मागे भिंतीला टेकून उभा राहतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यांना हाताला धरून पंधरा नंबरवर आणून बसवायचं आणि नाटक संपेपर्यंत काही बोलायची गरज पडू नये, असा तुझा बेत असणार. बेत चांगला होता. गाडी उशिरा आली त्याला तू काय करणार. पण मला एक फोन केला असतास तर हे सगळं टळलं असतं. तू कधी मला विचारून काही केलंस!

तू लिहितोस, 'दोन हातांवरून त्यांनी माझ्या तोंडावर उजेड मारला, मला नीट पाहिलं, आणि परक्यासारखी पाठ फिरवली. मी त्यांचा मुलगा आहे हे बाजूला ठेव. दारात आलेल्या माणसाशी असं वागतात का?' हे वाचून मी दुपारभर खिडकीवर लोकांना चुकीची तिकिटं देत होते. एका नवरा-बायकोला दोन टोकांच्या खुर्च्या दिल्या. ते उलट खुशीत दिसले.

तर ऐक. मागच्या पत्रात मी 'तब्येत ठीक आहे' लिहिलं ते खोटं होतं. बाबांना दिसत नाही.

अगदीच नाही असं नाही. भर उन्हात समोरच्या माणसाचा आकार कळतो, जवळून प्रखर उजेड पडला तर चेहऱ्यातलं थोडंफार कळतं. पण अंधार झाला की संपलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, हे वाढत जाणार, परत येणार नाही. मी बरोबर होते. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, 'ऑफिसात बोलायचं नाही.' मी नाही बोलले. तुलाही नाही सांगितलं, कारण तू साहेबांना कळवून मोकळा झाला असतास, त्यांच्या भल्यासाठी म्हणून.

म्हणून ते प्रत्येकाला 'नंबर बोला' म्हणतात. तिकिटावरचा आकडा त्यांना वाचता येत नाही. लोकांना वाटतं, हा म्हातारा आपल्याला शाळेतल्यासारखं उभं करून पाठ म्हणायला लावतोय. नंबर ऐकला की ते खुर्च्यांच्या पाठींवरून हात फिरवत रांग मोजतात आणि माणसाला बरोबर जागेवर सोडतात. बॅटरी ते पाहुण्यांसाठी धरतात. त्यांना तिचा काडीचाही उपयोग नाही. बाल्कनीला हे माहीत आहे. पायऱ्यांवर कुणी पिशवी ठेवली की ती वरून खेकसते, 'पिशवी उचला!' आणि शिव्या स्वतः खाते.

तेव्हा तुला त्यांनी ओळखलं नाही. ओळखून टाळलं, असं नाही. बघितलंच नाही तर ओळखणार कसे? आता तरी तक्रार मागे घे. सुनावणीत साहेबांनी हातात कागद देऊन 'वाचा' म्हटलं की सगळं उघडं पडेल. हे तू बाबांना कळू देऊ नकोस की मी तुला सांगितलं.

धाकटी


२८ फेब्रुवारी

दादा,

तुझा फोन सुनावणीच्या सकाळीच ऑफिसात आला. 'तक्रार मागे घेतो' म्हणालास, आणि साहेबांनी तसं टिपून घेतलं. त्याबद्दल तुझे आभार मानणार होते. आता पुढचं वाच.

आदल्या दिवशीच साहेबांनी बाबांना बोलावून तक्रार वाचून दाखवली होती. तक्रारदाराचं नाव सांगायचं नाही असा नियम आहे, तो त्यांनी पाळला. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'बरोबर आहे.' साहेबांनी माफीपत्राचा नमुना दिला. तो घडी करून खिशात टाकून ते घरी आले आणि जेवायच्या टेबलाशी बसून मला म्हणाले, 'कागद घे. मी सांगतो, तू लिही.'

मी नमुन्यातलं वाचायला लागले, 'माझ्याकडून अनवधानाने झालेल्या...' त्यांनी हात वर केला. म्हणाले, 'अनवधान नव्हतं. कोरा कागद घे.'

मी विचारलं, 'कुणाला लिहायचं? प्रेक्षक महोदय?'

'एच चौदा यांस.'

मग त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं खाली उतरवते. मूळ कागद फाइलला लागलाय.

'एच चौदा यांस,

आपली तक्रार मला वाचून दाखवली. तिन्ही मुद्दे बरोबर आहेत.

नंबर पहिल्यांदा विचारला तो कामासाठी. मला आकडा दिसत नाही, हे मी ऑफिसपासून लपवलं होतं. ती चूक वेगळी, तिची मी वेगळी माफी मागतो. दुसऱ्यांदा विचारला तो आवाज ओळखीचा वाटला म्हणून. तिसऱ्यांदा विचारला तेव्हा खात्री झालेली होती. पुन्हा ऐकावासा वाटला म्हणून विचारला.

बॅटरी माणसाच्या तोंडावर मारायची नाही, पायांशी धरायची, हे मी प्रत्येक नव्या डोअरकीपरला पहिल्या दिवशी शिकवतो. मी आपल्या तोंडावर मारली. जवळून उजेड पडला तर मला थोडं दिसतं. थोडं दिसलं. केस विरळ झालेत. तब्येतीकडे लक्ष द्यावं.

पाठ फिरवली हे खरं आहे. आपल्याला जागेवर नेऊन बसवायला हवं होतं. तेवढं मला जमलं नाही.'

इथे मी पेन खाली ठेवलं. मी विचारलं, 'का जमलं नाही ते लिहू?' म्हणाले, 'नको. डोअरकीपरचं रडणं प्रेक्षकाने बघायचं नसतं.' ते वाक्य मी कागदावर घेतलं नव्हतं. तुझ्यासाठी घातलं.

पुढे सांगितलं :

'तिसऱ्या घंटेनंतर मी कुणाला आत घेत नाही. आपल्याला घेतलं. आत नाटक चालू होतं, कलाकारांना त्रास झाला असेल. याबद्दल ऑफिसने मला काय ती शिक्षा करावी.

पूर्वी एकदा आपल्याबरोबर दोन वडीलधारी माणसं आली होती. त्यांना मी तासभर उभं केलं. दार उघडलं नाही, त्याची माफी मी मागत नाही. पण बसायला खुर्ची आणून देता आली असती. पाणी विचारता आलं असतं. ते मी केलं नाही. नियम पाळला म्हणजे आपलं काम झालं, असं मला वाटायचं. त्या दोघांची माफी मागायची राहिली आहे. ती आपण पोचवावी.'

खाली त्यांनी सही केली. कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवलं. सही ओळ सोडून वर गेलीय.

मी त्यांना विचारलं, 'इतके दिवस मला का नाही बोललात, तो आला होता म्हणून?' तर म्हणाले, 'तू तरी मला कुठे बोललीस, तक्रार त्याची आहे म्हणून?' मी कणीक मळायला घेतली.

सुनावणीला साहेब हसतच म्हणाले, 'अभिनंदन, तक्रारदाराने तक्रार मागे घेतली आहे.' बाबा म्हणाले, 'त्यांनी घेतली असेल. मी घेतलेली नाही.' आणि माफीपत्र पुढे केलं. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, 'हे नमुन्याप्रमाणे नाही.' आडनाव त्यांना तेव्हा दिसलं असावं.

बाबांनी बॅटरी टेबलावर ठेवली. 'अंधारात लोक माझ्या भरवशावर चालतात,' म्हणाले, 'आणि मला पायरी दिसत नाही. कुणी पडायच्या आधी थांबलेलं बरं.'

इतके दिवस मी त्यांचं दार वाचवायला धडपडत होते. त्यांनी ते स्वतःहून सोडलं, आणि मला हलकं वाटलं. याची थोडी लाजही वाटते.

धाकटी


६ मार्च

दादा,

तू दोन दिवस फोन करतोयस आणि बाबा घेत नाहीत, त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस. त्यांना फोनवर बोलता येत नाही, कधीच येत नव्हतं. 'हॅलो' म्हणून पुढच्याने काही बोलायच्या आत 'बरं, ठेवतो' म्हणतात.

ऑफिसातून त्यांना निरोपाची शाल द्यायचं ठरत होतं. त्यांनी ती नाकारली आणि दोन गोष्टी मागितल्या. पहिली मिळाली. स्टोअरमध्ये पडलेल्या चार जुन्या खुर्च्या पुसून मुख्य दाराबाहेर व्हरांड्यात मांडल्यात, शेजारी पाण्याचा जग. उशिरा आलेल्यांसाठी. दार काही उघडत नाही, पण आता लोक बसून चिडतात. साहेबांनी तिथेही 'प्रेक्षक हे आमचे पाहुणे आहेत' लावायचं म्हटलं. बाबा म्हणाले, 'खुर्ची आहे ना, मग बोर्ड कशाला?'

दुसरी गोष्ट म्हणजे रविवारच्या प्रयोगाची दोन तिकिटं, एच चौदा आणि एच पंधरा. जन्मभर त्या नाट्यगृहात काढून हा माणूस एकदाही खुर्चीत बसलेला नाही. पंधरा नंबर त्यांचा. चौदा कुणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिकीट सोबत जोडलंय.

चारचा प्रयोग आहे. गाडी आदल्या दिवशीची धर. मुख्य दारावर आता बाल्कनीची बदली झालीय, आणि तिने आत्ताच सांगून ठेवलंय, 'म्हाताऱ्याचा पोरगा असला तरी तिसऱ्या घंटेनंतर व्हरांड्यात बसवीन.'

दारापासून खुर्चीपर्यंत बाबांना कुणीतरी नेऊन बसवावं लागेल. मी खिडकी सोडू शकत नाही. त्यांची बॅटरी मी ऑफिसातून मागून घेतलीय, ती बाल्कनीकडे ठेवते. तिच्याकडून घे. त्यांच्या उजव्या अंगाने चाल, त्या बाजूला पायऱ्या आहेत. आणि उजेड पायांशी धर.

धाकटी